साडेतीन मुहूर्तांची गंगा

गंगेला बांध घालणारे पुष्कळ झाले, पण तिची घडी घालून डबीत ठेवणारा एकच, असं कलकत्त्याच्या त्या नदीखात्याच्या कचेरीत चारुदत्त पोतनिसांबद्दल म्हटलं जाई. पोतनीस नोकरीत होते तोवर हे कौतुकानं म्हटलं जाई. ते निवृत्त झाले, दोन वर्षं लोटली, आणि तेच बोलणं कडू झालं. डबी समोर होती आणि घडी काही उलगडत नव्हती.

डबी म्हणजे टेपचं एक चाक, जेवायच्या ताटाएवढं. बारा वर्षांची गंगा त्यात होती. बागबाजारच्या घाटावर आणि तिकडं खाली डायमंड हार्बरला पाण्यात मोजपट्टीचे खांब रोवलेले. रोज दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि दर वेळी पाणी कुठवर आलं त्याची नोंद. आधी या नोंदी वहीत जात, मग भोकं पाडलेल्या कार्डांवर आणि तिथून टेपवर. टेप परदेशातून यायची आणि मागितली तर वर्षानं मिळायची. म्हणून पोतनिसांनी युक्ती काढली. भोंडल्याची गाणी उतरवून घेताना बायका पहिलं कडवं पुरतं लिहितात आणि पुढं नुसता बदलणारा शब्द टिपून ठेवतात, बाकीचं गाणारीला ठाऊकच असतं; त्यातलीच ही युक्ती. नदीची पातळी एकदा पुरती लिहायची. पुढं ती किती चढली नि किती उतरली एवढंच. जिथं तीन चाकं लागली असती तिथं एकात भागलं.

शकुन भागवत तेव्हा कचेरीत नवी होती. भवानीपुरात जन्मलेली, बंगाली शाळेत शिकलेली. घरात मराठी बोले ती आईपुरती. मशीनशी, म्हणजे कॉम्प्युटरशी, कसं बोलायचं ते तिला पोतनिसांनी शिकवलं. घडी घालायचं काम मात्र त्यांनी कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही.

आणि मग अठ्ठ्याहत्तरचा सप्टेंबर आला. पावसानं शहर बुडवलं, कचेरीच्या तळघरात छातीइतकं पाणी शिरलं. मूळ वह्या तिथं होत्या, कार्डांची खोकी तिथं होती. पाणी ओसरल्यावर त्यांचा नुसता लगदा उरला. नदीची कागदपत्रं नदीनंच नेली म्हणायची. राहिलं ते वरच्या मजल्यावरचं एक चाक. पुराच्या चौकशीसाठी दिल्लीनं नेमकं तेच मागितलं, आणि तेही साधं, सरळ, कुणालाही वाचता येईल असं. शिवाय कचेरीतलं भाड्याचं मशीन मार्चअखेर परत जायचं होतं. नव्या मशीनला ही जुनी टेप चालणार नव्हती. म्हणजे मार्चच्या आत गंगा उलगडली तर उलगडली.

काम शकुनकडं आलं. साहेब होते श्यामकांत दाबके, नागपूरहून बदलून आलेले, कामाला चोख आणि बोलायला कोरडे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की उलगडलं तर उत्तमच, नाहीतर नोंदी मुळातच सदोष होत्या असं आपण दिल्लीला कळवू. ते रागानं बोलले नव्हते. पण शकुनला ते झोंबलं. सदोष म्हणजे बारा वर्षं एक माणूस भोकं पाडत बसला आणि ती सगळी वाया गेली, असाच त्याचा अर्थ. एकदा दिल्लीच्या कागदावर चढलं की ते पुसायचं कुणी?

तिनं उलगडायचा प्रोग्रॅम लिहिला. पहिली पातळी घ्यायची, तीत चढ मिळवायचा, उतार वजा करायचा, की पुढची पातळी. शाळकरी हिशेब. मशीननं कागद ओकायला सुरुवात केली आणि पहिले काही महिने गंगा शहाण्यासारखी वाहिली. पुढं मात्र ती चढू लागली. थोडी चढे, तिथं रमे, पुन्हा थोडी चढे. तिसऱ्या वर्षी हावडा पुलाच्या रस्त्यावर पाणी आलं आणि बारावं वर्ष संपताना पुलाचं सगळ्यात उंच टोकही बुडायच्या बेतात होतं. मशीन सांभाळणाऱ्या निर्मलेंदुबाबूंनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि शकुनदी, उद्यापासून ट्राम नको, होडीनं या, असं म्हणून चहा आणायला गेले.

त्याच आठवड्यात शकुन पोतनिसांकडं गेली. ते बागबाजारला घाटाजवळ राहत, दोन खोल्यांत, एकटेच. मराठे येऊ नयेत म्हणून इंग्रजांनी जिथं खंदक खणला तिथंच आपण बिऱ्हाड केलं, हे ते नव्या माणसाला हटकून ऐकवत. त्यांच्या पत्नी कालिंदीकाकू गेल्याला सहासात वर्षं झाली होती, पण खिडकीवरचा पडदा त्यांनी लावलेला तोच होता.

पोतनिसांनी चहा केला, कागद पाहिला आणि त्यांच्या तोंडावरचं हसू मावळलं. नदी का चढते ते त्यांना तेव्हाच कळलं. नुसते चढउतार लिहीत गेलं, की एक आकडा चुकला तर पुढचे सगळे चुकतात; म्हणून ते मधूनमधून सकाळच्या भरतीला पुरती पातळी नव्यानं लिहीत. तिथं मागचं सोडायचं आणि नवं धरायचं. शकुनचा प्रोग्रॅम ती पुरती पातळीसुद्धा चढ समजून मिळवत होता, म्हणून दर नव्या मांडणीला नदी उंच होत होती.

"मग ते दिवस सांगा ना काका. टेपवर खूण नाहीये."

"खूण कार्डाला होती. गुलाबी कार्ड लावायचो." पोतनिसांनी कप बशीत फिरवला. "दिवस काय, अधूनमधून. आता कुठलं आठवायला गं."

शकुन त्यांना पुरती ओळखत होती. ज्या माणसाला चौसष्टच्या वादळातली भरती तोंडपाठ होती, त्याला हे आठवू नये? पण वडिलांच्या वयाच्या माणसाला खोटं बोलताय असं म्हणायचं तरी कसं. ती घरी आली.

आकड्याकडं नुसतं पाहून पुरती पातळी ओळखू येत नव्हती, कारण गंगेची भरती एका दमात पुरुषदोन पुरुष चढते; चढ आणि पातळी, दोन्ही आकडे सारखेच दिसायचे. म्हणून तिनं बागबाजारच्या वाढत्या नदीचा मोठा आलेख काढला. कागदाला कागद चिकटवून तो टेबलावरून खाली उतरला, दारापर्यंत गेला. पायऱ्या दिसू लागल्या. नेमका दिवस नाही, पण आठवडा कळे. दरसाल चार: दोन वसंतात जवळजवळ, दोन शरदात जवळजवळ. दर वर्षी त्या थोड्या मागं सरकत आणि दोनतीन वर्षांनी एकदम पुढं उडी घेत. चंद्राची चाल आहे हे तिला दिसलं, पण भरतीओहोटीही चंद्राचीच. तेव्हा हे काही नदीचंच असेल म्हणून ती कितीतरी दिवस भरतीची कोष्टकं चाळत राहिली आणि हाती काही लागलं नाही.

निर्मलेंदुबाबूंनी एकदा दाराशी बसून आलेखावर बोट फिरवलं आणि शरदातली पहिली पायरी दर वर्षी विजयादशमीच्या आसपास पडते, असं म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. त्या दिवशी सगळं कलकत्ता देवी बोळवायला घाटावर असतं. कचेरीत येऊन कार्ड कोण पाडणार? शकुनही हसली. पोतनीसकाका पूजेच्या सुट्टीतसुद्धा यायचे हे तिला त्या क्षणी आठवलं नाही. नदीला सुट्टी नसते, असं ते म्हणत.

घरी दुसरंच चाललं होतं. किती वर्षं नाव घालून ठेवलेला गॅस अखेर आला होता. सिलिंडर आला, शेगडी आली, नळी जोडून माणूस गेला, आणि तरी तिची आई वृंदाबाई कोळशाच्या चुलीपुढं बसून डोळे पुसत फुंकर मारत होती. एका संध्याकाळी शकुन कचेरीतून वैतागून आली ती धुरातच शिरली.

"आई, गॅस आहे, काड्यापेटी आहे. आता कशाची वाट बघतेयस?"

"पाडव्याची."

"त्याला अजून दोन आठवडे आहेत."

"असू देत. इतकी वर्षं धूर खाल्ला, दोन आठवड्यांनी काही मरत नाही. नवी गोष्ट चांगल्या दिवशी सुरू करावी. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, पंचांगसुद्धा उघडावं लागत नाही."

साडेतीन मुहूर्त हे शब्द शकुनला गावाकडच्या न पाहिलेल्या आत्यासारखे होते. नाव कानावरून गेलेलं, तोंडओळख नाही. ते कोणते, असं तिनं विचारलं. आईनं फुंकणी खाली ठेवून तिच्याकडं पाहिलं, एवढी शिकलीस ती कशाला, असं त्या पाहण्यात होतं. मग तिनं एकेक बोट दुमडत मोजले: चैत्रातला पाडवा, वैशाखातली अक्षय्य तृतीया, दसरा, आणि दिवाळीतली बलिप्रतिपदा, ती अर्धी.

दोन वसंतात जवळजवळ. दोन शरदात जवळजवळ.

शकुन तशीच पिशवी घेऊन पुन्हा दाराकडं वळली. कुठं निघालीस म्हणून आईनं विचारलं, तेव्हा तिनं घड्याळाकडं पाहिलं. ग्रंथालय केव्हाच बंद झालं असणार. ती परत फिरली, चुलीपाशी बसली आणि आईच्या हातातून फुंकणी घेतली.

दुसऱ्या दिवशी अलीपूरच्या ग्रंथालयात जुनी पंचांगं मिळाली. पोतनीसकाका आणि मुहूर्त? मराठी मंडळाच्या दर गणेशोत्सवात पंचांगवाल्यांची टर उडवायला उभा राहणारा हा माणूस. ग्रहांना माझा पगार ठाऊक नाही तर माझं भविष्य काय ठाऊक असणार, असं ते म्हणत आणि मागच्या रांगेतली पोरं टाळ्या पिटत. दाबकेसाहेब बदलून आले त्या वर्षी त्यांनीही ते भाषण ऐकलं होतं, टाळ्या वाजवल्या होत्या. आणि इथं पंचांगातली एकेक तारीख आलेखातल्या पायरीवर नेमकी बसत होती, जसा जात्याचा खुंटा भोकात बसावा.

तिनं तारखा प्रोग्रॅममध्ये घातल्या. त्या त्या दिवशी सकाळच्या भरतीला मागचं सोड, नवं धर. मशीन चाललं आणि बागबाजारला गंगा आपल्या काठांत आली. बारा वर्षं, एकदाही पायरी नाही. निर्मलेंदुबाबूंनी कुणालाही न विचारता संदेश मिठाई मागवली. दाबकेसाहेबांनी दोन्ही घाटांचे कागद चाळले आणि उद्याच दिल्लीला पाठवू म्हणाले.

शकुन मात्र डायमंड हार्बरच्या कागदावर अडली होती. दर हिवाळ्यात तिथली नदी खाली जात होती. हिवाळ्यात पाणी आटतंच, दाबके म्हणाले. पण तिनं ओहोटीचे आकडे दाखवले: पाणी शून्याच्याही खाली, म्हणजे मोजपट्टीच्या खांबाच्या बुडाखाली. पाणी खांबापाशी नाहीच, तर मोजणाऱ्यानं मोजलं काय? दिवाळीपासून नदी अशी खचायची ती पाडव्याला आपोआप वर यायची. दाबकेसाहेबांनी चष्मा काढला. एवढं दिल्लीला कोण बघतंय, असं त्यांच्या ओठावर आलं असावं, पण ते त्यांनी गिळलं आणि तिला एक दिवस दिला.

पोतनीस घाटाच्या पायरीवर बसले होते. ओहोटी लागली होती, चिखल उघडा पडत होता, समोरून गवताच्या नावा जात होत्या. शकुन शेजारी बसली.

"काका, बलिप्रतिपदेला डायमंड हार्बरचं काय करायचात?"

पोतनिसांनी मान वळवली नाही. "कुणी सांगितलं तुला?"

"मुहूर्त आईनं सांगितले. बाकीचं नदीनं."

मग ते बोलले, तुटक तुटक, जुनं गाठोडं सोडताना गाठ न सापडणाऱ्या माणसासारखे. काम सुरू केलं त्या पहिल्याच महिन्यात एक कार्ड चुकलं आणि महिनाभराची नदी वाकडी झाली. घरी ते वैतागून बोलले, तर पोळ्या लाटता लाटता कालिंदीकाकू म्हणाल्या, की तुमच्या नदीला चांगल्या दिवशी हात लावा की, तुमचं काय बिघडतं? ते हसले. मग विचार केला, की नवी मांडणी तर अधूनमधून करायचीच आहे. ती कुठल्याही दिवशी केली तरी चालते.

"मशीनला सगळे दिवस सारखेच. मग तिचे घेतले."

"आणि बलिप्रतिपदा?"

"अर्धा मुहूर्त आहे, अर्धंच काम करा, म्हणाली. म्हणून एकच घाट घ्यायचो. आपला, बागबाजारचा. तिकडं डायमंड हार्बरला त्या दिवशीही नुसता चढच लिहायचो."

शकुनला हसू आलं आणि ते तिनं दाबलंही नाही. मग आलेखातली दारापर्यंत गेलेली ती लांब रांग तिला आठवली. काकू मध्येच कधीतरी गेल्या होत्या.

"पायऱ्या शेवटपर्यंत आहेत, काका."

"हं." पोतनिसांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला. "नंतर कुणी थांब म्हणालं नाही."

उठताना त्यांनी तिला सांगितलं, की दाबक्यांना यातलं बोलू नकोस. आपण मंडळात इतकी वर्षं जे बोललो ते सगळं उद्या हसण्यावारी जाईल. शकुननं शब्द दिला. मशीनला तारखा पुरतात. कारण कुणी मागत नाही. आणि शेवटचा कागद निघताना तुम्ही तिथं असायला हवं, असं सांगून तिनं त्यांच्याकडूनही शब्द घेतला.

ते आले, इस्त्रीचा सदरा घालून, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. निर्मलेंदुबाबूंनी त्यांना प्रिंटरजवळ स्टूल दिलं. कागद घडीवर घडी पडत बाहेर येत होता आणि पोतनीस दोन्ही घाट ताडून पाहत होते. डायमंड हार्बरचा हिवाळा खांबाच्या वर राहिला. एकही आकडा खोटा नव्हता. दोन घाटांची बारा वर्षं, भरतीमागून ओहोटी, कुणालाही वाचता येतील अशी तिथं पडली होती.

दाबकेसाहेब टेबलापाशी उलगडण्याच्या सूचनांचा कागद वाचत होते. तो टेपबरोबर जायचा होता. तारखांच्या यादीपाशी ते थांबले आणि शकुनला विचारलं, की याच तारखा का? ती म्हणाली, पोतनीसकाका त्या दिवशी नवी मांडणी करत. ते खरं, पण याच दिवशी का? वर्षाचे चार, त्यात एक अर्धा, अंतर सारखं नाही, तारीख ठरलेली नाही. दिल्लीवाले हेच पहिलं विचारतील. शकुननं शब्द दिला होता. दाबक्यांनी क्षणभर वाट पाहिली, पेन उघडलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, "मग लिहितो, संबंधित अधिकाऱ्याच्या लहरीप्रमाणे."

पोतनिसांच्या हातातला कागद थांबला.

"लहर नाही," ते म्हणाले. "साडेतीन मुहूर्त."

दाबके हसले. मंडळातला माणूस चेष्टा करतोय असंच त्यांना वाटलं. मग त्यांनी यादी पुन्हा वरून खाली वाचली, आता दुसऱ्या डोळ्यांनी, आणि हसू राहिलं नाही. शकुननं पोतनिसांकडं पाहिलं. त्यांनी हातानंच असू दे म्हटलं.

"मंडळात मला काय म्हणायचं ते म्हणा, दाबकेसाहेब. पण बारा वर्षं मी लहर आली म्हणून काम केलं, असं तिकडं जायला नको. नियम होता. लिहा नियम."

"सरकारी कागदावर मुहूर्त?" दाबक्यांनी विचारलं, पण ते स्वतःलाच विचारल्यासारखं. नियम म्हटला की तो कुणीतरी घालून दिलेला असतो. कुणाच्या सूचनेवरून, हे लिहावं लागतं. त्यांनी तसं विचारलं.

"कालिंदी पोतनीस."

"हुद्दा?"

सवयीनं विचारलेला प्रश्न तो. दाबकेसाहेब कागदावरच्या नावाकडं, त्यातल्या आडनावाकडं पाहत राहिले. लहरीची ओळ त्यांनी खोडली, शेजारी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि टाईप करायला म्हणून कागद शकुनच्या हाती दिला. नावापुढं त्यांनी लिहिलं होतं: सल्लागार.

पोतनिसांनी तिच्या खांद्यावरून ते वाचलं, एकदा, मग पुन्हा एकदा.

"त्याच्या आधी 'मानद' घाल," ते म्हणाले. "नाहीतर ऑडिटवाले पगाराचं विचारतील."

शकुननं टाईपरायटर पुढं ओढला.